चपलेचा निळा तुकडा

स्पीडबोटीला एक लाल दोरी असते. एका टोकाची क्लिप इंजिनाच्या बटणाखाली, दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन तिथल्या तिथं बंद. इतका साधा नियम! पण बोट चालवणाऱ्या रामचंद्राला तो जन्मात पटला नाही. "चाळीस वर्सं दर्यात काढली मी. हाताला दावं बांधायला बैल हाय काय?" असं म्हणायचा आणि दोरी स्टिअरिंगला गुंडाळून ठेवायचा. गुरुवारी ती तुटली आणि क्लिपसकट कुठं पडली देव जाणे.

दोरीशिवाय इंजिन सुरूच होईना. नवी येणार मंगळवारी, आणि मधे शनिवार-रविवार! बोटीचा मालक दिनानाथ शुक्रवारी सकाळपासून डोकं धरून बसला. तेव्हा रामचंद्राच्या लेकीनं, कल्पितानं, आपल्या निळ्या चपलेच्या टाचेचा तुकडा कापला आणि बटणाखाली गच्च बसवला. इंजिन धडधडलं. "इंजिनियर हाय माझी पोर!" रामचंद्रानं अख्ख्या काशीदच्या किनाऱ्याला ऐकवलं. कल्पितालाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. रोजची तपासणीची वही तीच भरायची. 'सुरक्षा दोरी' या रकान्यात तिनं तीन दिवस बरोबरची खूण केली.

रविवारी चारच्या सुमारास ती जेटस्कीवर होती. बापाची बोट समोरच, पुण्याचं एक जोडपं घेऊन निघालेली. बायको मधुवंती, नवरा वरद. नवऱ्यानं मोबाइल पुढं केला, "काका, एक रील काढा ना!" रामचंद्र उभा राहिला, पाठ दर्याकडं, एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात मोबाइल. लाट आडवी आली आणि तो उलटा पाण्यात गेला.

बोट थांबली नाही. कशी थांबणार? स्टिअरिंग एका अंगाला वळलं आणि बोट भरधाव गोल फिरायला लागली. गोलाच्या मधे रामचंद्र. अंगात लाइफ जॅकेट नाही; तेही त्याला उकडायचं! बोट अंगावर आली, त्यानं बुडी मारली, बोटीखालचा पंखा डोक्यावरून गेला.

"बाबाऽऽ!" कल्पिता ओरडली.

गोलात शिरावं तर बोट तिलाच चिरडणार. ती कडेला थांबली आणि आवाज पोचावा म्हणून जेटस्कीचं इंजिन बंद केलं. बोट फिरत फिरत तिच्या जवळून जायची, तेवढ्यात एखादा शब्द आत टाकता येत होता. गियरचा दांडा ओढायला सांगावं तर घाबरलेला माणूस तो रिव्हर्समधे टाकायचा. तिनं सवयीनं आपल्या मनगटाची, जेटस्कीची लाल दोरी उंच धरली, हिसका मारून दाखवला.

"ताई, ओढा!"

वरद सीटला मिठी मारून बसला होता. मधुवंती मात्र गुडघ्यांवर सरकत स्टिअरिंगपाशी गेली. बोट पुढं गेली. रामचंद्र वर आला, श्वास घेतला, परत बुडाला.

बोट परत आली. मधुवंती वेड्यासारखी इकडंतिकडं हात फिरवत होती. "लाल दोरी नाहीये इथं!"

अगं बाई! ती बिचारी लाल शोधत होती, आणि लाल तिथं नव्हतंच. काय होतं ते सांगू शकणारी तिथं एकटी कल्पिताच होती. रामचंद्र वर आला, पण या खेपेला नुसतं तोंडच. हात हलत नव्हते.

"निळं!" बोट जवळून जाताना कल्पितानं घसा फाडला. "चावीच्या बाजूला! चपलेचा तुकडा!"

बोट वळली. नाक थेट रामचंद्राकडं. त्यानं बुडी मारली नाही. अंगात जोरच उरला नव्हता. कल्पितानं डोळे मिटले नाहीत. मिटायचा हक्क नाही आपल्याला, असं तिला वाटलं.

इंजिन गपकन थांबलं.

बोट घसरत आली आणि रामचंद्रापासून दोन हातांवर डुलत राहिली. त्यानं तिच्या काठाला हात घातला आणि पोटातलं खारं पाणी ओकून टाकलं.

किनाऱ्यावर ही गर्दी! कल्पितानं बापाला वाळूत बसवलं, आपल्या निळ्या चपला पायात सरकवल्या. दिनानाथ पळत आला, रामचंद्राच्या पाठीवर थोपटलं आणि हळूच म्हणाला, "वाचलास बाबा. आता कुणाला काय बोलू नका. धंदा बंद करतील." मग कल्पिताला, "वहीत दोरी हाय ना? मग झालं."

मधुवंती पुढं आली. मूठ उघडली. तळहातावर निळा तुकडा.

"हे कुणी लावलं होतं?"

"मी," रामचंद्र म्हणाला. धाप लागलेली, तरी पटकन. "माझीच चूक हाय, बाय. पोरीला काय ठाऊक न्हाय."

त्यानं लेकीकडं पाहिलंसुद्धा नाही. मधुवंतीची नजर मात्र खाली गेली होती, कल्पिताच्या पायांकडं. कल्पितानं पाय वाळूत लपवला नाही. उजवी चप्पल काढली, तो तुकडा घेतला आणि टाचेच्या खाचेत बसवला. बरोब्बर बसला.

"न्हाय, ताई," ती म्हणाली. "मी कापला. वहीतली खूणपण माझीच हाय."

मग तिनं दिनानाथपुढं हात केला आणि ती खूण खोडायला वही मागितली.