उलटे बसवलेले दगड

माझी मुलगी संसार मोडून एक पेटी आणि शिवणयंत्र घेऊन माझ्याकडे परत आली, त्या वर्षीची ही गोष्ट.

माझ्या थोरल्या बहिणीचं घर गल्लीच्या टोकाला. पुढच्या खोलीत भावोजींचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान, मागच्या खोलीत ताईचा पलंग आणि खिडकीखाली ओढा. वरच्या अंगाला कपडे रंगवायचा कारखाना झाल्यापासून त्या ओढ्याला कुबट वास यायचा. तरी ताई खिडकी लावू द्यायची नाही.

पालिकेने पुलाच्या कठड्यावर पाटी लावली. मी उतारवयात नुकतीच अक्षरं जोडायला शिकले होते, म्हणून ती मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आलं. ओढ्याची तपासणी होणार. पाण्यात चांगला जीव सापडला तर ओढा उघडा राहणार, नाही तर तो नळात घालून वरून रस्ता नेणार. रस्ता आला की काठावरची घरं गेलीच.

ताईला पोटाचा आजार होता. ती थंडीपलीकडे जायची नाही, असं डॉक्टरांनी भावोजींना दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं. ताईला हे कोणी सांगितलं नव्हतं, तरी तिला कळलं होतं. तिचं मागणं एकच.

"मला इथून हलवू नका. जाईन ती याच खोलीतून."

भावोजींनी तिला तसा शब्द दिला होता.

तपासणीची बाई आधी एकदा जागा बघून गेली. तरुण होती, पण बोलणं शांत. भावोजींनी तिला बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, "जीव म्हणजे काय शोधता? मासे?"

"मासे नंतर. आधी दगडाखालचे किडे. तीन शेपट्यांची एक अळी असते, बारीक खड्यांचं घर करून राहणारी दुसरी एक. घाण पाण्यात त्या तग धरत नाहीत."

तिने चित्रं दाखवली. भावोजींनी ती चष्मा पुसून पुसून पाहिली. मला तेव्हाच समजायला हवं होतं. पुढच्या काही दिवसांत ते बादली घेऊन सकाळीच कुठेतरी जायचे आणि गुडघ्यापर्यंत भिजून यायचे. विचारलं तर म्हणायचे, "मेव्हणीबाई, या वयात थंड पाणी चांगलं असतं."

तपासणीच्या दिवशी बाई उंच बूट घालून पाण्यात उतरली. जाळी प्रवाहाला आडवी धरायची, तिच्या पुढ्यातले दगड हाताने चोळायचे, सुटलेलं सगळं वाहत जाळीत येतं. ते तिने पांढऱ्या तबकात ओतलं. मी वाकून पाहिलं. खरंच तीन शेपट्यांच्या अळ्या होत्या. पण बऱ्याचशा मेलेल्या.

बाईने एक दगड उचलून फिरवला. मग दुसरा.

"काका, हे दगड इथले नाहीत."

"ओढ्याने आणले असतील. त्याचं कामच ते."

"हिरवं शेवाळ उजेडाच्या बाजूला धरतं. इथे ते खाली आहे. ओढ्याने आणले आणि सगळेच्या सगळे उलटे ठेवले?"

खिडकीतून ताईचा आवाज आला. "त्यांना फक्त किल्ली कुठल्या बाजूने घालायची ते कळतं हो! बाकी सगळं उलटंच."

भावोजी हसले नाहीत. ते काठावर बसले आणि ताईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "डॉक्टरांनी तिला थंडीपर्यंतचीच मुदत दिलीय. तेवढं निभू द्या. मग ओढा नळात घाला नाही तर माझ्या डोक्यात घाला."

बाई बराच वेळ जाळी धूत राहिली. "हा नमुना बिघडलाय," ती म्हणाली. "बिघडलेला नमुना धरता येत नाही. तळ पुन्हा बसला की परत यावं लागेल. थंडी सरल्यावर."

भावोजींनी तिला हात जोडले. तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

थंडी आली. ताई दिवसेंदिवस वाळत गेली, पण गेली नाही. मधे तर दोन घास जास्त खाऊ लागली. मला आनंद झाला, आणि भावोजींकडे पाहिल्यावर तो तोंडातच राहिला. ते दारात उभे राहून तिच्या छातीची हालचाल बघत होते. त्यांच्या मनात काय होतं ते तोंडावर दिसत होतं, आणि ते त्यांनाही कळत होतं.

ताईने डोळे उघडले. "आहे अजून. उशीर होतोय ना माझ्याकडून?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"अहो, रागावले नाही मी. तुमची पंचाईत कळते मला."

ते पुढच्या खोलीत गेले आणि कुणीच न सांगितलेली एक किल्ली घासत बसले. ती घासून घासून पत्र्यासारखी झाली तरी थांबले नाहीत.

ऊन तापायला लागलं आणि बाई परत आली. भावोजींनी बादलीला हात लावला नव्हता. या खेपेला तबक त्यांनीच धरलं. त्यात काळा गाळ आणि लाल दोऱ्यासारखे किडे वळवळत होते. कुजलेल्या पाण्यात राहतात ते तेवढेच.

"काका, मला आहे तसं लिहावं लागेल."

"लिही, पोरी. तू दिलास तो वेळ पुष्कळ दिलास."

महिन्याभरात घर रिकामं करायचा हुकूम आला. ताईला खुर्चीत बसवून आम्ही माझ्या घरी आणलं. एका बाजूने भावोजी, दुसऱ्या बाजूने मी आणि माझी मुलगी. शिवणयंत्र सरकवून आम्ही ताईची खाट लावली, तेव्हा ती भावोजींना म्हणाली, "तुम्ही शब्द मोडलात असं समजू नका. मीच वेळेवर नाही निघाले."

भावोजींनी मान हलवली.

माझी बहीण त्याच उन्हाळ्यात, एका बुधवारी दुपारी, माझ्या खोलीत वारली. तिचं घर त्याच्या आदल्या दिवशी पाडलं होतं. भावोजी पुढच्या वर्षी, थंडीत गेले.