मी गार झाले, गाल गार होईना

मित्रांनो, न्हाणीघराच्या दारामागे खिळ्याला उलटी टांगलेली, लाल रंग उडून विटकरी झालेली रबराची पिशवी तुम्ही कुणाच्या तरी घरी पाहिली असेल. तीच मी, गरम पाण्याची पिशवी. वय विचाराल तर या घरातल्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि अक्कल विचाराल तर घरातल्या मोठ्या माणसांपेक्षा थोडी जास्तच. हे मी फुशारकीनं सांगत नाही, वैतागून सांगते आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यातून बाहेर आले तेव्हा माझी एक बाजू गुळगुळीत होती आणि दुसरीवर रेघा होत्या. शेवटच्या टेबलाशी एक बाई बसायच्या. त्यांनी माझ्यात पाणी भरलं, झाकण आवळलं, मला उलटं करून दोन्ही हातांनी दाबलं आणि म्हणाल्या, "ही नाही गळायची." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. मग त्यांनी माझ्या खोक्यात एक कागद घातला. मला कुठे लावावं आणि कुठे लावू नये, हे सगळं त्यावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. तो कागद आज कुठे आहे, सांगू? स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली. आल्या दिवशीच त्याची घडी घालून तिथे सारली. टेबल डुगडुगायचं थांबलं, कागद कुणीही वाचला नाही.

मला विकत आणलं ते घरच्या बाईनं. ती इस्त्रीच्या दुकानात काम करते. दिवसभर उभं राहून कमरेचा काटा ढिला व्हायचा. संध्याकाळी घरी आली की मला कमरेखाली घेऊन अर्धा तास पडायची आणि म्हणायची, "हिच्याशिवाय माझं काही खरं नव्हतं." पुढे मुलगी झाली. तिचं पोट दुखलं की मी. नवऱ्याची मोठी बहीण, अक्का, दोन दारं सोडून राहते. तिचा गुडघा धरला की मी. मला उचलून नेताना अक्का सगळ्यांना सांगायची, "शेकासारखं औषध नाही." ऐकून मी फुगायचे. तिथेच चुकलं. कारण तेव्हापासून या घरात काहीही दुखलं की माणसं आधी माझ्याकडे बघायला लागली.

आता घरच्या पुरुषाविषयी. तो वायरमन. सगळी आळी त्याला वायरमन म्हणूनच हाक मारते. कामात चोख, हात स्वच्छ. कुठलंही काम संपलं की काळ्या मार्करनं बोर्डावर लिहून ठेवायचा: 'हे बटण गिझरचं', 'ओल्या हातानं शिवू नका'. पण एक खोड होती. वायर सोलायची चांगली पकड कमरेला लटकत असायची आणि हा पठ्ठ्या वायर दातांत धरून सोलायचा. उजवीकडची दाढ, एक हिसका, की तांबं मोकळं. बायको ओरडायची. तो म्हणायचा, "पकड काढायची, उघडायची, परत अडकवायची. तेवढ्यात दोन वायरी होतात."

एक दिवस वायरीबरोबर दाढेचाही टवका उडाला. त्यानं तो खिशात घालून आणला आणि मुलीला दाखवला. मुलीचं लाडाचं नाव चिमी. चिमी म्हणाली, "बाबा, डॉक्टरांना दाखवू या." बाबा म्हणाले, "अगं, दाढेला काय होतंय? बत्तीस आहेत."

मग ती दाढ ठणकू लागली. गार पाणी लागलं की तो डोळे मिटून भिंत धरायचा. गोळ्या घेतल्या, लवंग धरली, एका कुशीवर झोपला. आठ दिवस अंगावर काढलं. नवव्या दिवशी ठणका आपोआप थांबला, तर काय त्याचा रुबाब. "बघितलंस? माझी दाढ आहे. माझ्यासारखीच चिवट." बायकोनंही सुटकेचा निःश्वास टाकला. दुखणं थांबलं म्हणजे दुखणं संपलं, असंच सगळ्यांना वाटलं. खरं सांगायचं तर मलाही.

पंधरा दिवस गेले. एका रविवारी चिमी आणि तो त्यांचा नेहमीचा खेळ खेळत होते. ती लांबून शेंगदाणा फेकायची, तो तोंडात झेलायचा. दहातले नऊ हमखास. त्या दिवशी एकही गेला नाही. दाणे ओठांवर आपटून खाली पडत होते. "बाबा, आ करा ना नीट," चिमी म्हणाली. "केलाय की," तो म्हणाला. केला नव्हता. त्याचं तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं, आणि उजवा गाल जबड्यापाशी टरारला होता.

आणि मग काय, अक्का आली. तिनं गाल पाहिला, मान हलवली आणि म्हणाली, "शेक दे, शेक. उद्यापर्यंत उतरेल."

झालं. माझ्यात पाणी भरलं गेलं.

मित्रांनो, मला तोंड नाही. असतं तर त्या दोन दिवसांत मी आळी गोळा केली असती. मी त्या गालाला चिकटून होते. माझ्याइतकं जवळून ती सूज कुणी पाहिली नाही. पहिल्या दिवशी ती जबड्याच्या हाडावर होती, दुसऱ्या दिवशी हाडाखाली उतरून गळ्याकडे सरकली. दगडासारखी घट्ट. त्याला ताप भरला. त्याला थुंकी गिळवेना, म्हणून त्यानं उशाशी रुमाल ठेवला आणि ती त्यात टिपायला लागला. एवढं होऊनही कुणी आलं की काय म्हणायचा? "दाढच आहे. उद्या बघू." आणि मला परत भरा म्हणायचा. मी कमरेला चालते, गुडघ्याला चालते, पोटालाही चालते. दाढेतून आलेल्या सुजेवर मला ठेवायचं नसतं हो. कागदावर लिहिलं होतं. पण कागद टेबलाखाली.

मंगळवारी दुपारी बायको दुकानातून जेवायला घरी आली, तेव्हा तो मला गालावर धरून फोनवर बोलत होता. कुणा काकूंच्या घरी बोर्डातून जळका वास आला होता. दात न उघडता, ओठांतल्या ओठांत हा समजावत होता, "आधी मेन बंद करा, काकू. नाही, नाही, वास गेला म्हणजे बरं झालं असं नसतं. आत वायर जळतच असते. संध्याकाळपर्यंत थांबू नका. आत्ता दुसरा वायरमन बोलवा, माझी जरा दाढ दुखतेय."

मला हसावं की रडावं कळेना.

बायको दारातच थांबली होती. तिनं सगळं ऐकलं. मग जवळ आली, त्याच्या हातातून मला काढून घेतलं, आणि तिचा चेहरा बदलला. आयुष्य इस्त्रीत गेलेला तो हात. कापड किती तापलंय हे तिला बोट लावताच कळतं. मी तर कधीच गार झाले होते. तास होऊन गेला होता. आणि जिथून मला उचललं, तो गाल मात्र भाजत होता. तिनं हात गालावरून खाली गळ्याकडे नेला, पुन्हा माझ्यावर ठेवला, पुन्हा गालावर.

"ही गार पडलीय," ती म्हणाली. "मग ही धग कसली?"

"उद्या..." त्यानं सुरुवात केली.

"त्या काकूंना काय सांगितलंत आत्ता? आत वायर जळतेय म्हणून सांगितलंत ना? मग तुमच्या आत काय जळतंय? चप्पल घाला."

"अगं, जेवून तरी घे."

"चप्पल घाला."

अक्का दारात येऊन काहीतरी सांगू लागली. बायकोनं तिच्याकडे चिमीला सोपवलं आणि रिक्षा थांबवली. वायरमननं मला पुन्हा गालावर धरलं होतं. सवय, दुसरं काय. म्हणून मीही गेले.

दाताच्या डॉक्टरीणबाई मध्यमवयाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी जबड्याखाली बोटं फिरवली. आ करायला सांगितलं. गिळता येतंय का, विचारलं. रुमाल पाहिला. मग मला उचललं. "याचा शेक दिलात?"

"दोन दिवस," बायको म्हणाली.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी मला बाकावर ठेवलं आणि फोन उचलला. "पेशंट आत्ता पाठवतेय. गळ्याखाली सूज, ताप, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही. तयार राहा." फोन ठेवून त्या वायरमनला म्हणाल्या, "तुमची दाढ मी इथे काढत बसणार नाही. सरळ मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा. ठणका थांबला तेव्हा दाढ बरी झाली नव्हती, आतली नस मेली होती. आता पू गळ्यात उतरतोय. सूज आणखी खाली गेली की श्वासाची वाट बंद होते. उद्या आला असतात तर मी काही करू शकले नसते."

वायरमनच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोनं त्याचा दंड धरला. दोघं धावत गेली.

मी बाकावरच राहिले.

चार दिवस, मित्रांनो. त्या बाकावर लोक माझ्याशेजारी बसत होते, उठत होते. झाडणाऱ्या बाईंनी मला उचलून खिडकीत ठेवलं. तो आहे की नाही, हे मला सांगणारं कुणी नव्हतं. मी विचार करत राहिले की इतकी वर्षं ज्यांच्या कमरा शेकल्या, पोटं शेकली, त्यांच्यातल्या एकाचा जीव माझ्यामुळे गेला तर? पुन्हा त्या खिळ्याला कोणत्या तोंडानं लटकायचं? मला फार भीती वाटली.

पाचव्या दिवशी चिमी आली. आईचं बोट सोडून खिडकीशी धावली आणि मला छातीशी धरून म्हणाली, "बाबांनी आज खीर खाल्ली. बाहेरून चीर देऊन पू काढला. दाढ पण काढली. मी पाहिली." मग डॉक्टरीणबाईंकडे वळून विचारलं, "आता ते आ करू शकतील ना? शेंगदाण्यांचं काय?"

"करतील," त्या म्हणाल्या. "जरा थांबावं लागेल."

वायरमन घरी आला तो हनुवटीखाली पट्टी आणि आवाज बसलेला. पहिल्या दिवशी त्यानं काय केलं असेल? टेबलाखालचा कागद काढला. घडी उलगडून पूर्ण वाचला, दोनदा. टेबल पुन्हा डुगडुगू लागलं. मग खिशातून काळा मार्कर काढला, मला पुसून कोरडं केलं आणि माझ्या गुळगुळीत बाजूवर, गिझरच्या बोर्डावर लिहितो तशा ठळक अक्षरांत लिहिलं: 'गालाला नाही. गाल सुजला तर डॉक्टर. आत्ता.'

अंगावर असं काही लिहून घ्यावं लागणं, मला काही शोभेचं वाटलं नाही.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. दुपारी अक्का आली. गालाला पदर दाबलेला. "अरे, ती पिशवी दे जरा. कालपासून दाढेनं जीव नकोसा केलाय."

वायरमन जेवत होता. उठला, हात धुतले, मला खिळ्यावरून काढलं. अक्कानं हात पुढे केला. त्यानं मला तिच्या हातात दिलं नाही. लिहिलेली बाजू तिच्यासमोर धरली.

अक्कानं वाचलं. "कळतंय मला. पण एवढं काही नाही. उद्या जाऊ ना."

त्याच्या हनुवटीखाली अजून एक लाल रेघ आहे. तिच्यावर त्यानं बोट ठेवलं, मला परत खिळ्याला अडकवलं आणि दार उघडलं.

"अक्का," तो म्हणाला, "चप्पल घाल."