थोरलीच्या दाराशी

"एकाच दारी जावं गं लेकी, एकाच नावी गावं,
येशूराजाच्या पायाशी माझ्या मनानं घर करावं..."

आई इस्त्री फिरवता फिरवता गायची. वाफेआड तिचा चेहरा दिसायचा नाही. आवाज तेवढा हसताना ऐकू यायचा.

किती वर्षांनी तो आवाज आज धाकट्या सुनेच्या कानाशी आला. तोही कुठे, तर काचेच्या कारखान्यात, भट्टीपुढच्या रांगेत.

भट्टीला सगळे थोरली म्हणत. ती सासऱ्यांनी बांधलेली. तिच्या लोखंडी दारापुढच्या पायरीला कपाळ टेकल्याशिवाय कुणी कामाला हात लावत नसे. लग्न होऊन आल्यापासून धाकटी त्या दारापाशी हातमोजा पाडायची आणि उचलायला वाकायची. बघणाऱ्याला वाटे, झाला नमस्कार.

"तुझ्या हातमोज्याला रोज इथंच बरी भोवळ येते गं," बाटल्या धुणारी मावशी एकदा म्हणाली होती. धाकटी हसली होती. घरी मात्र प्रार्थनेला बसली की तोच हातमोजा डोळ्यांपुढे यायचा.

मग थोरलीच्या कपाळावर, दारावरच्या विटांत, चीर पडली. काल एका कारागिराचा दंड भाजला. तेव्हापासून कुजबुज सुरू होती: कुणीतरी मनापासून वाकत नाहीये.

आज मोठे दीर स्वतः दाराशी उभे होते. "एकेकानं या. हातमोजे काढून. मला दिसू दे."

नवरा तिच्या पुढे होता. फुंकणी घेऊन भट्टीच्या तोंडाशी आज त्यालाच उभं राहायचं होतं. त्यानं कपाळ टेकलं, वळला, ओठातल्या ओठात म्हणाला, "वाक गं. माझ्यासाठी."

आत विटा कडकडल्या. रांग मागे सरकली. झरोक्यातला लाल उजेड धाकटीच्या उघड्या हातांवर पडला. ह्यांना काही झालं तर सगळी बोटं कुणाकडे वळतील, हे तिला ठाऊक होतं. आणि तरी आत, खोल, वाफेआडचं ते हसू झऱ्यासारखं वर येत होतं.

"वाकतेस ना?" दीर म्हणाले.

"नाही, दादा. रोज मी हातमोजाच उचलत होते. माझा देव एकच, येशू. ह्यांचा जीवही मी त्याच्याकडेच मागते. भीती वाटतेय मला, फार वाटतेय. पण इतकं मोकळं आजवर कधी वाटलं नव्हतं."