कॅरियर धरलंय मी

शर्यत वगैरे काही नव्हती. हॉलंडमधल्या नायमेखन शहराजवळच्या जुन्या गावांमधून तीस किलोमीटर सायकल चालवायची, प्रत्येक गावात कार्डावर शिक्का मारून घ्यायचा आणि जमलेली देणगी पार्किन्सन्सच्या संशोधनाला द्यायची. म्हातारेकोतारे, पोरंटोरं, कुणीही यावं. तरी मृदुलाने सकाळपासून सायकलचे ब्रेक चारदा तपासले होते.

तिच्या नवऱ्याला, प्रकाशला, पार्किन्सन्स होऊन पाच वर्षं झाली होती. चालता चालता त्याचे पाय मध्येच जमिनीला चिकटत. डोकं म्हणे चल, पाय ऐकायचे नाहीत. आणि गंमत बघा, हाच माणूस सायकलवर बसला की सुटायचा! पुष्कळांचं असं होतं, असं डॉक्टरही म्हणाले होते. उतरताना आणि पुन्हा चढताना मात्र पंचाईत. गेल्या महिन्यात सिग्नलला उतरताना तो आडवा झाला आणि लेकीने, सानिकाने, निकाल देऊन टाकला. सायकल विकायची, तीनचाकी आणायची.

"तीनचाकी? अगं, पुण्याचा माणूस मी! त्यापेक्षा पाळण्यात घाल मला," प्रकाश भडकला.

दोन दिवस बापलेकीत अबोला. शेवटी मृदुलाने तह घडवून आणला. ही तीस किलोमीटर त्याने आपल्या सायकलवर पूर्ण केली, तर सायकल राहील. मागून येणाऱ्या मदतीच्या व्हॅनमध्ये एकदा जरी बसावं लागलं, तर सोमवारी तीनचाकी. तह तिनेच केला आणि केल्या क्षणापासून तीच पस्तावली.

निघाली मात्र तिघंही झोकात, आपापल्या सायकलवर. वाल नदीकाठच्या बांधावरून रस्ता जात होता. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला गाई आणि समोर प्रकाशची ताठ पाठ. त्या पाठीकडे बघताना मृदुलाला नव्या पेठेतलं शाळेचं मैदान आठवलं.

लग्न होऊन तीन महिने झाले होते. चोवीस वर्षांच्या बाईला सायकल येत नाही, हे प्रकाशला काही केल्या पटेना. रोज सकाळी सहाला, शेजारपाजारचे उठायच्या आत, तो कोपऱ्यावरच्या दुकानातून तासाच्या भाड्याने लेडीज सायकल आणायचा. ही पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला गच्च बांधून सीटवर आणि तो मागे कॅरियर धरून धावतोय! "धरलंय मी! पुढे बघ, कॅरियर धरलंय मी!" धापा टाकत ओरडायचा. आठव्या दिवशी त्याने सोडलं. ओरडत मात्र राहिला, "धरलंय मी!" मृदुलाला कळलं होतं. आवाज लांबून येत होता ना! भीतीने जीव अर्धा झाला, पण मागे एवढा धावणारा माणूस हिरमुसेल म्हणून ती पेडल मारतच राहिली आणि मैदानाला आख्खी चक्कर मारून आली. "सोडलंत तुम्ही? अय्या, मला कळलंच नाही!" असं वर म्हणालीसुद्धा. पस्तीस वर्षांत खरं काही तिने सांगितलं नाही. केवढा खूश झाला होता तो!

पर्सिंगनला थांबा होता. गाव म्हणजे काय, मूठभर घरं आणि शेकडो वर्षांचं एक विटांचं चर्च. तिथे शिक्का आणि कॉफी. प्रकाश नीट उतरला, शिक्का घेतला, एका डच आजीशी हवापाण्याच्या गप्पाही मारल्या. परत निघाला आणि चर्चच्या फाटकात पाय चिकटले. सायकल दहा पावलांवर.

"डावा उचला. एक, दोन..." मृदुलाने मोजून पाहिलं. काही नाही. मागे माणसं खोळंबली, त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पार्किन्सन्ससाठीच निघालेली माणसं ती, कुणी चकार शब्द काढला नाही. पण त्या शांततेनेच तो जास्त शरमला.

"बाबा, इट्स ओके. व्हॅन इज कमिंग," सानिका फोन कानाला लावून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वाईट पोर नव्हती हो, बाप पुन्हा पडलेला तिला बघवणार नव्हता.

प्रकाशने मृदुलाकडे पाहिलं. "संपलं गं," तो पुटपुटला.

मृदुला अशी चिडली! त्याच्यावर, आजारावर, त्या तहावर. तरातरा गेली आणि सायकल आणून फाटकात त्याच्या पुढ्यात उभी केली. पाय सायकलपर्यंत जात नाहीत ना? मग सायकल पायांपर्यंत येईल.

"हँडल धरा. सायकल तिरकी करते, टाका पाय."

हँडल हातात आलं आणि पाय सुटला. तो सीटवर बसला. सायकल डुगडुगली.

"आई, नो!" सानिका ओरडली.

"गप बस गं!" म्हणत मृदुलाने दोन्ही हातांनी कॅरियर पकडलं आणि धावत सुटली. साठीची बाई, गुडघे कुरकुरत होते, श्वास पुरेना. "पुढे बघा! धरलंय मी! कॅरियर धरलंय मी!" चाकं सरळ झाली. पेडलने लय धरली. तिने सोडलं. तशीच वाटेत उभी राहून धापा टाकत ओरडत राहिली, "धरलंय मी!"

प्रकाश लांब गेला, पॉप्लरच्या झाडांपर्यंत. मान वळवली नाही. तिकडूनच त्याने आवाज दिला.

"मृदुला, आवाज लांबून येतोय गं!"

ती थिजली. म्हणजे त्यालाही माहीत होतं! तिला तेव्हा कळलं होतं, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

"येऊ दे!" ती रडत, हसत ओरडली. "तुम्ही पेडल मारा!"

मागे व्हॅन येऊन थांबली. सानिकाने डोळे पुसले आणि ड्रायव्हरला हातानेच पुढे जा म्हणून खूण केली. मग आईची सायकल तिच्यासमोर आणून उभी केली. "बस आई," ती चक्क मराठीत म्हणाली. "मी धरते."