ईज चमकली आणि माझी पिन निघाली

मित्रांनो, दाराचा रंग उडालाय, कोपऱ्याला गंज चढलाय, म्हणून मला भंगार समजू नका. मी ब्रह्मपुरीच्या एका प्रयोगशाळेतला जुना डीप फ्रीझर आहे. तुमच्या घरचा फ्रिज कुल्फी गोठवतो. मी शून्याखाली ऐंशी अंशांवर माणसांच्या गाठींचे तुकडे जपतो.

मला इथे आणलं डॉक्टर नंदिनीताईंनी. त्या चिमूरकडच्या. त्यांचे वडील तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन तोंडाच्या कॅन्सरने गेले. परदेशात जनुकांचा अभ्यास करून ताई परतल्या, त्या एकच प्रश्न घेऊन: अख्खं गाव प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटून खातं, मग कॅन्सर काहींनाच का होतो? गाठीत कोणती जनुकं जागी झाली, याचा निरोप त्या तुकड्यात असतो. पण तो भारी नाजूक. गारवा गेला की विरून जातो.

बारा वर्षांत चारशे नळ्या माझ्या पोटात आल्या. लांबून लोक मला बघायला यायचे, तेव्हा मी जरा फुगायचोही. एक नळी जंगलातल्या गावच्या सुकरीची. ऑपरेशनच्या आधी ती ताईंना म्हणाली होती, "बाई, म्या कधी खर्रा तोंडात नाई घातला. मले काऊन झाला? माह्या सोमारीले होईन का, थेवढं पाहून सांगजा." सोमारी तिची लेक. "नक्की सांगता येईल असं नाही, पण बघते," ताई म्हणाल्या. सुकरी गेली. तपासणीची मंजुरी यायला सहा वर्षं लागली. नळ्या पुढच्याच आठवड्यात तपासणीला जाणार होत्या.

शनिवारी दुपारी अवकाळी ढग भरून आले. इकडे ईज चमकली की घरोघरी टीव्हीची पिन काढतात. आमचे शिपाई देवरावभाऊ मला रोज आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसायचे. कुलूप लावण्याआधी त्यांनी माझीही पिन काढली, पाठीवर थोपटलं आणि गेले. रविवार सुट्टीचा. सोमवारी बुद्धपौर्णिमा. माझा भोंगा बंद खोलीत बोंबलत राहिला, मग त्याची बॅटरीही संपली. मी काहीच करू शकलो नाही. दाराखालून पाणी गळू लागलं.

मंगळवारी ताईंनी माझं दार उघडलं आणि त्या तिथेच फरशीवर बसल्या.

"ईज चमकून राह्यली होती, मॅडम," देवरावभाऊ म्हणाले. "आपली मशीन जळन म्हणून काढली."

ताईंना रागावता आलं नाही. "माझंच चुकलं, भाऊ. आत काय आहे हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही."

मित्रांनो, यंत्राची काळजी घ्या, पण त्याला काय सोसत नाही ते आधी विचारून घ्या. आणि जो मनापासून जपतो, त्याला आपण काय जपतोय हे सांगत जा. आमच्याकडे ते राहून गेलं.

दोघं जीपने सोमारीकडे जाऊन आले. देवरावभाऊंनी मला पुसता पुसता सांगितलं, ती रडली नाही, चिडली नाही. तिने एवढंच विचारलं, "मायचा दुसरा तुकडा नाई का?"