दाराजवळचं स्टूल

कुकरची शिट्टी झाली आणि कैलासनं डोळे मिटून घेतले.

हॉलमध्ये कुणी हललं नाही. माइकची लांब काठी धरून उभा असलेला कैलास, कॅमेऱ्याशी वाकलेली माधवी, मांडीवरच्या लेकीच्या, अमृताच्या तोंडावर हलकेच तळहात ठेवून बसलेली चैताली, सगळेच पुढच्या शिट्टीची वाट बघत असल्यासारखे थांबले. शेवटी कैलासनं कानावरचे हेडफोन उतरवले.

"गेलं. परत घ्यावं लागेल."

"गॅस बंद करायचा राहिलाच माझा," म्हणत चैताली अमृताला खाली ठेवून स्वयंपाकघराकडे धावली.

"काय गेलं रं?" दाराजवळच्या स्टुलावरून विठाबाईंनी विचारलं.

"शांतता, मावशी. प्रत्येक घराची शांतता वेगळी असते. थोडी भरून न्यावी लागते. मग सिनेमात जिथं कुणी बोलत नाही, तिथं ती खाली अंथरायची."

"मग ने की. हितं काय कमी हाय? सोमवारपासनं शुक्रवारपातुर पोत्यानं भरून ने."

सगळे हसले. आत गॅसची खुंटी फिरवणारी चैतालीही हसली.

खोटं नव्हतं ते. लोणावळ्यातली ही इमारत शनिवार-रविवारी तेवढी जागी व्हायची. मुंबईची माणसं गाड्यांतून उतरायची, पोरं जिन्यात दंगा करायची, सोमवारी पुन्हा दारोदार कुलपं. चौथ्या मजल्यावर तर बारमाही राहणारं घर हे एकच. विठाबाई आल्या तेव्हा गावाकडच्या, टाकव्यातल्या घरासारखं दार सताड उघडं ठेवायच्या. एकदा माकड आत शिरलं, केळी घेऊन गेलं, आणि तेव्हापासून दार बंद. मग विठाबाईंनी बाल्कनीतलं प्लॅस्टिकचं स्टूल आणून चपलांच्या रॅकशेजारी ठेवलं. तिथं फटीतून वारा येतो, म्हणून त्यांना बरं वाटत असेल, असं चैतालीला वाटायचं.

गेल्या वर्षी गोठ्याच्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला, मोडला. चैतालीचा नवरा अतुल आईला घेऊन आला तो पाय बरा होईपर्यंत. पाय केव्हाच बरा झाला. पण तोवर चैतालीचं काम सुरू झालं होतं. लग्नाआधी पुण्यात शिकलेलं एडिटिंग. अमृता झाल्यावर सगळं बासनात गेलेलं. आता घरबसल्या लग्नाचे व्हिडिओ कापायला मिळत होते, आणि पोरीला आजीनं धरलं तरच ते कापून होत होते. विठाबाईंनी जाण्याचा विषय काढला की अतुल म्हणायचा, "एवढ्या लांब एकटी कशी राहशील?" तो टाकव्याच्याच एका कारखान्यात कामाला होता. कंपनीच्या बसनं सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा.

"रोज जाऊन येतो त्यो," विठाबाई चैतालीला म्हणायच्या, "आन मला सांगतो, लांब हाय."

माधवी ही चैतालीची पुण्यातली मैत्रीण. तिच्या छोट्या सिनेमाची गोष्ट अशीच, गावातून शहरातल्या फ्लॅटमध्ये आणलेल्या एका म्हातारीची. ठरलेली बाई ऐनवेळी आली नाही. चैतालीच्या घरी चहाला आलेली माधवी कप हातात धरून विठाबाईंकडे बघतच राहिली. विठाबाईंनी फार आढेवेढे घेतले नाहीत. फक्त चैतालीला आत बोलावून म्हणाल्या,

"करते. पर झालं की मला टाकव्याला सोडायचं. भेटायला न्हाई, ऱ्हायला."

"सोडते, आत्या."

त्याच दिवशी त्यांची कापडी पिशवी भरून पलंगामागे उभी राहिली.

शांतता भरून झाल्यावर माधवीनं हॉल रिकामा करायला घेतला. भिंत मोकळी हवी होती. अमृताची चित्रं निघाली, कॅलेंडर निघालं. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरींना तिनं हात लावला, तशा विठाबाई उठल्या. स्वतः दोन्ही उतरवल्या, पदरानं पुसल्या आणि आत नेऊन उशीवर ठेवल्या.

"त्याच खिळ्याला परत लावायच्या हां."

भिंतीवर दोन फिके चौकोन उरले. माधवीनं आधी त्या चौकोनांचाच शॉट घेतला. पण मुख्य शॉट जमेना. कॅमेरा सोफ्याकडे नेला, बाल्कनीत नेला. विठाबाई मोठ्याच दिसत, घराच्या मालकीण असल्यासारख्या.

"एकटं दाखवायचं तर खोली रिकामी करून भागत नाही," चैताली म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती पोळ्या नि डायपर सोडून कशावर तरी ठामपणे बोलत होती. "घर भरलेलं ठेव. फक्त त्यांच्या वाट्याला फ्रेमचा कोपरा दे. इकडे ये, ओट्यापाशी. इथून बघ."

माधवीनं वाकून पाहिलं. स्वयंपाकघराची चौकट, अर्धी फ्रेम खाणारा फ्रीज, मग अंधारा पॅसेज आणि त्यापलीकडे हातभर उजेडात स्टुलावरच्या विठाबाई. चेहऱ्याची एकच बाजू.

"आई गं! हे तुला सुचलं कसं?"

"सुचलं नाही. पोळ्या लाटताना रोज दिसतं."

असं सांगताना तिला कौतुक झाल्यासारखं वाटत होतं.

कॅमेरा ओट्यावर बसला. माधवी विठाबाईंपाशी जाऊन उकिडवी बसली.

"मावशी, समजा घरात कुणीच नाही. सगळे बाहेर गेलेत. तेव्हा तुम्ही कशा बसता, तशा बसा."

विठाबाईंनी क्षणभर विचार केला. मग पाय जवळ ओढले, पदराचं टोक मुठीत धरलं, आणि एक कान बंद दाराकडे केला. खाली कुठंतरी लिफ्ट सुरू झाली. त्यांची मान किंचित वर आली. लिफ्ट तिसऱ्यावरच थांबली. मान खाली गेली.

"बापरे," माधवी पुटपुटली.

चैतालीनं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावरची नजर काढून घेतली. पडद्यावर पाहायची गरज नव्हती. अतुल टीव्हीसमोर, अमृता त्याच्या अंगावर, ती स्वतः ओट्याशी, अशा कुठल्याही संध्याकाळी विठाबाई अशाच बसलेल्या असत. तोच पदर. तोच कान.

"आता उलटं करू," माधवी म्हणाली. "घर भरलंय, सगळी आहेत, गप्पा चालल्यात. आता कशा बसाल?"

विठाबाई उठल्या. सोफ्यापाशी गेल्या, त्याच्या पाठीवर हात ठेवला, बसल्या नाहीत. बाल्कनीतल्या खुर्चीकडे पाहिलं. पुन्हा स्टुलाजवळ आल्या.

"कुटं बसू?"

"रोज बसता तशा हो."

"रोजचं तर आत्ता दावलं की." आवाजात तक्रार नव्हती, चुकीचं काही सांगितलं जाऊ नये एवढीच काळजी होती. "दुसरं दावायचं तर टाकव्याला चल. दारातल्या ओट्यावर बसते. मग बघ. धोंडाबाई येती, येसूबाई येती, च्या ठेवाया बी उठू देत न्हाईत बया."

माधवी हसून म्हणाली, राहू दे, एवढंच पुरे. कैलास हसला नाही. हेडफोनच्या वायरचं वेटोळं करत राहिला.

"चहा घेणार ना सगळे?" चैतालीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आधण ठेवलं.

जाण्याआधी कैलासनं बेडरूममधले आवाज भरले. चैताली अमृताला गुदगुल्या करत होती आणि अमृता खिदळत होती. शॉटमध्ये विठाबाई दिसणार, मागून घराचं हसणं ऐकू येणार.

दुसऱ्या दिवशी पिशवी पलंगामागून निघून स्टुलाशेजारी आली. त्याच दुपारी माधवीचा फोन आला. महोत्सवाला सिनेमा महिनाअखेरीला द्यायचा होता. कापायचा चैतालीनंच, नाव मोठ्या अक्षरात तिचं.

फोन ठेवून चैताली हॉलमध्ये आली.

"आत्या, तेवढं एडिटिंग होऊ द्या. अमृताला कुणाकडे ठेवू मी? झालं की लगेच..."

"व्हय."

"खरंच सोडते."

"अगं, व्हय म्हणले ना. तुजं नाव येतंय त्येच्यात. कर बाय तू, पोरीला बघते मी." त्यांनी पिशवी उचलली, पलंगामागे नेऊन ठेवली आणि येताना अमृताची चप्पल सरळ करून ठेवली. काही बोलल्या असत्या, भांडल्या असत्या तर चैतालीला काहीतरी म्हणता आलं असतं.

अमृता दुपारी झोपली की चैताली काम उघडायची. ती ओट्यापासूनची फ्रेम आता तिच्यासमोर होती. खाली कैलासची शांतता अंथरून झाली होती. वर तिनं हसण्याचा आवाज ठेवला. मग काढून पाहिला. हसणं काढलं की विठाबाई नुसत्या दमून बसलेल्या बाईसारख्या दिसत. हसणं परत घातलं की एकट्या होत. तिनं पुन्हा काढलं. पुन्हा घातलं. पडद्यावर काहीच बदलत नव्हतं, आणि सगळं बदलत होतं. कुठं कापायचं ते तिला बरोबर कळत होतं; घरात मात्र तसं काही करता येत नव्हतं.

मागून पावलं आली. झोपेतून उठलेली अमृता डोळे चोळत तिच्या मांडीवर चढली.

"आजी!" पडद्याला बोट लावत ती म्हणाली. मग कान टवकारले. "आई, हे तर मी हसतेय!"

"हो."

"मी दिसत का नाही?"

"आपण बेडरूममध्ये होतो ना, राणी. कॅमेरा तिकडे नव्हता."

अमृतानं वळून उघड्या दारातून हॉलकडे पाहिलं. स्टुलावर विठाबाई पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या. लिफ्ट चालू झाली होती, कान तिकडे होता. अमृतानं परत पडद्याकडे पाहिलं. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"आजीला आपलं हसणं ऐकू येत होतं?"

चैतालीनं आवाज बंद केला.

"येत होतं."

"मग आपण आजीला आत का नाही बोलावलं?"