गेणभाऊंचा चढ

आमच्या महाळुंगे पडवळच्या भैरवनाथ फुटबॉल संघाने यंदा जिल्ह्याच्या दुसऱ्या श्रेणीत पहिला नंबर मारला. शेवटच्या सामन्यात पारगावच्या पोरांना त्यांनी आणलेल्या फटाक्यांसकट परत धाडलं. आणि तरीही आम्हाला वरच्या श्रेणीत घेतलं नाही. कारण काय, तर मैदान. खेळ पास, पोरं पास, मैदान नापास. मी भरत, या संघाचा सेक्रेटरी. माझं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे आणि माझं डोकं लवकर तापतं, या दोन्ही गोष्टी गावाला ठाऊक आहेत. पण त्या दिवशी पुण्याहून मैदान बघायला आलेल्या साहेबांवर मला तापता आलं नाही, कारण साहेब खरं बोलत होते.

आमच्या मैदानाला चढ आहे. थोडाथोडका नाही. खालच्या गोलात उभं राहून वरच्या गोलाकडे पाहिलं, तर तिकडच्या गोलकीपरचे बूट आपल्या छातीच्या उंचीवर असतात. आणि हा चढ निसर्गाने दिलेला नाही. रान मुळात ताटासारखं सपाट होतं. त्यावर मुरमाचा भराव घालून, पाणी मारून, रोलर फिरवून तो चढ केला आहे, आणि तो केला आहे गेणभाऊंनी.

गेणभाऊ म्हणजे घाट बांधणारा माणूस. आमच्याकडे घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीची धावपट्टी. बैल खालून सुटतात आणि चढावर पळत वरची रेघ गाठतात. आंबेगावातले आणि पलीकडे जुन्नरातले कितीतरी घाट या माणसाने नुसत्या नजरेने आखले. त्यांच्या हिशेबात खेळ म्हणजे चढ. सुनील मिलिटरीतून सुटून गावी आला आणि पोरांना फुटबॉल शिकवायला लागला, तेव्हा पोरं कापणी झालेल्या वावरात ढेकळं तुडवत खेळायची. गेणभाऊंनी ते पाहिलं आणि माळाचं आपलं रान संघाला देऊन टाकलं. नुसतं दिलं नाही. सुनील बहिणीच्या लग्नासाठी बाहेरगावी होता, तेवढ्यात त्यांनी मैदान करूनही टाकलं.

सुनील परत आला आणि मैदान बघून डोक्याला हात लावून उभा राहिला. गेणभाऊ त्याच्या शेजारी, मिशीत हसत.

"कसं झालंय?"

"भाऊ, ह्याला चढ आहे."

"मग! सपाटीवर तर शेळी बी पळती. चढाबिगार कस लागतो व्हय?"

आता सांगा, यावर काय बोलायचं? सुनील सरहद्दीवर गोळ्यांपुढे उभा राहिलेला गडी, पण त्या चेहऱ्यापुढे तोही नमला. तो म्हणाला, "लई भारी झालंय भाऊ." त्या दिवसापासून आमचा संघ चढावर खेळायला शिकला. नाणेफेक जिंकली की पहिला अर्धा वेळ वरच्या गोलाकडे, चढावर मारायचं आणि दम राखायचा. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, समोरच्यांची जीभ बाहेर आली, की आमची पोरं उतारावरून सुटायची. घाटावर पुकारणारा जानकू मग माईकवर ओरडायचा, "भिर्रर्र!" आणि बांधावर बसलेली सगळी माणसं उभी राहायची. परगावचे संघ कुरकुर करायचे, पण खालच्या श्रेणीत मैदान मोजायला येतंय कोण?

वरच्या श्रेणीत मात्र येतात. साहेब आले तेव्हा आम्ही त्यांना फेटा बांधला, नारळ दिला. गेणभाऊंच्या घरी त्यांच्या मंडळी बायडाकाकी सकाळपासून मासवडीच्या मागे लागल्या होत्या. साहेबांनी चहासुद्धा न घेता आधी मैदान म्हटलं. मधल्या ठिपक्यावर चेंडू ठेवला आणि हात झटकून उभे राहिले. चेंडू क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला आणि मग सावकाश, आपल्याच मर्जीने, खालच्या गोलाकडे निघाला. मी चटकन पुढे होऊन त्याच्यावर पाय ठेवला.

"वारं आहे साहेब," मी म्हणालो.

कडेच्या लिंबाचं पानदेखील हलत नव्हतं. साहेब हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. मला आणि सुनीलला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं की कमतरता दोन आहेत. एक, खेळाडूंना कपडे बदलायला खोली नाही. दोन, हा चढ. पावसाळ्याच्या आत दोन्ही कामं झाली तर ते पुन्हा येऊन बघतील आणि संघ वर जाईल. नाही झाली, तर आहात तिथेच. गेणभाऊ तेव्हा लांब, वरच्या गोलापाशी, डोळ्यांवर हाताची सावली धरून उभे होते. त्यांना काही ऐकू जायचं कारण नव्हतं.

जेवणं झाली, साहेब गेले, आणि गेणभाऊंनी विचारलं, "काय म्हनला सायब?"

सुनीलने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कपडे बदलायला खोली पाहिजे म्हणतात."

"बास? येवढंच?"

"एवढंच."

धर्मराजाने नरो वा कुंजरो वा केलं, तेव्हा त्याचा रथ जमिनीला टेकला म्हणतात. माझी मोटारसायकल त्या दिवशी घरी जाताना दोनदा बंद पडली. पण मी काय करायला हवं होतं? ज्या माणसाने आपलं रान दिलं, उन्हात उभं राहून मुरूम दाबला, त्याला जाऊन सांगायचं, की भाऊ, तुमच्यामुळे आपण अडलो? गावातल्या एका शहाण्याने पारावर सुचवलं, की म्हातारा आज आहे उद्या नाही, मागाहून सपाट करू. त्याला मी असं काही बोललो, की तो अजून माझ्या दुकानात पाइप घेत नाही.

सुनीलला हे पटत नव्हतं. "पोरांनी घाम गाळलाय," तो म्हणायचा. "आपला नवनाथ किती वर्षं कॅप्टन आहे, त्याचे गुडघे आता बोलायला लागलेत. अजून एक वर्ष काढंल फार तर. त्याला एकदा तरी वरती खेळू दे." त्याचंही खरं होतं. एका बाजूला नवनाथचे गुडघे आणि दुसऱ्या बाजूला गेणभाऊंचं मन. मी दोघांवरही चिडलो आणि कोणालाच काही सांगितलं नाही.

इकडे गेणभाऊंनी खोलीचं मनावर घेतलं. वयाच्या मानाने ते काम बघून घाबरायला व्हायचं. गवंड्याला बाजूला सारून स्वतः ओळंबा धरायचे. जागा निवडली वरच्या गोलाच्या मागे, भरावाच्या पलीकडे. भिंती उठल्या, पत्रे पडले, आणि गाव बघायला गेलं. बघतो तर काय! खोली उभी होती भरावाच्या मागे, मूळ जमिनीवर. मैदानातून तिचं नुसतं छप्पर आणि भिंतीचा वरचा तुकडा दिसत होता. आणि दार? दार मैदानाच्या बाजूला. दार उघडलं, की समोर छातीएवढी मुरमाची भिंत. कपडे बदलून बाहेर पडायचं तर पोरांनी घोरपडीसारखं वर चढायचं.

पोरं हसली. मोठी माणसं हसली नाहीत, ते जास्त वाईट होतं. जन्मभर ज्याची नजर चुकली नाही, त्याची आता चुकली, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. जानकू हळूच म्हणाला, "वय झालं आता." मी तसाच गेणभाऊंच्या घरी गेलो. दार मागच्या बाजूला फिरवून घेऊ, गवंड्याची चूक म्हणून सांगू, असं काहीतरी मनाशी जुळवत होतो.

गेणभाऊ ओट्यावर बसून पायाला तेल लावत होते. बायडाकाकी शेजारी शेंगा फोडत होत्या.

"भाऊ, खोली झक्क झालीय," मी सुरुवात केली. "फक्त ते दार..."

"दाराला काय झालं?"

"समोर भराव येतोय."

"आत्ता येतोय," गेणभाऊ म्हणाले. "भराव काढल्यावर दार बरूबर मैदानात उघडंल. उंबरा मूळ जिमिनीला धरूनच बांधलाय."

मला काही सुधरेना. बायडाकाकींनी शेंगांचं सूप खाली ठेवलं.

"आरं, त्यांला सगळं ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी समदे मेले आमच्या म्हाताऱ्याला काचंचं भांडं समजताय. ते काय आजचं हाय का? पैल्या मॅचला घरी आले ते जेवलेच न्हाईत. मला म्हनले, बायडे, चुकलं गं, ह्यो खेळ सपाटीचा हाय."

"पहिल्या मॅचला?" माझा आवाज चढला. रागच आला मला, खोटं कशाला बोलू. "मग इतकी वर्षं बोलला का नाही? आम्ही इथं जीव मुठीत धरून गप्प बसलोय, आणि तुम्ही..."

"तुमी का न्हाई बोलला?" गेणभाऊंनी शांतपणे विचारलं.

मी सुपातली एक शेंग उचलून फोडायला लागलो.

"मी वाट बघत व्हतो," ते म्हणाले. "म्हनलं, कुनी बोललं तर लगीच काढू. पन कुनी बोललंच न्हाई. सुनील बी लई भारी म्हनला. आन पोरं तर त्या चढावर बी जिकाया लागली. मग मलाच वाटाय लागलं, असू दे. आपल्या हातचं हाय, पोरांच्या पायाखाली हाय. मोह व्हतो रं मानसाला." त्यांनी दुसरा पाय पुढे घेतला. "आता पोरांची वाट आडली. आता न्हाई ठिवायचा."

"साहेब बोललेलं तुम्हाला कळलं कसं?"

गेणभाऊ मिशीत हसले आणि पायाचं तेल चोळत राहिले. मग म्हणाले, "माती वाया घालवायची न्हाई. कडंनं बसायला पायऱ्या करा तिच्या. बाया-मान्सं किती दिस बांधावर काट्यात बसनार?"

जेसीबी आला तेव्हा मी दुकान बंद ठेवलं. गेणभाऊ खुर्ची घेऊन लिंबाखाली बसले. पहिला घास वरच्या गोलापाशी घेतला गेला तेव्हा त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी त्यांच्या मागे उभा होतो आणि मला रडू येत होतं, आणि रडू येतंय म्हणून चीडही येत होती. घाट बांधणारे खूप पाहिले. आपण बांधलेला चढ आपणच काढायला लावणारा माणूस मी हा एकच पाहिला. काढलेला मुरूम ट्रॉल्यांनी कडेला पडत गेला, गेणभाऊ बसल्या जागेवरून हात करून तो कुठे दाबायचा ते सांगत गेले, आणि चढाच्या पायऱ्या झाल्या. शेवटची ट्रॉली गेल्यावर नवनाथ नव्या खोलीत गेला आणि दार उघडून बाहेर आला. सरळ, उभ्याने चालत, मैदानात.

साहेब ठरल्याप्रमाणे पुन्हा आले. या वेळी अख्खं गाव नव्या पायऱ्यांवर बसलं होतं. पुढच्या पायरीवर बायडाकाकी. गेणभाऊ मात्र बसले नाहीत. काठी टेकत मधल्या ठिपक्यापर्यंत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. साहेबांनी खोली पाहिली, दार उघडून-लावून पाहिलं. मग चेंडू मागवला, ठिपक्यावर ठेवला आणि हात झटकून मागे सरले.

चेंडू थांबला. थांबला, पण मागच्या वेळीही तो क्षणभर थांबलाच होता. माझ्याच्याने राहवेना. माझा पाय आपोआप पुढे झाला आणि चेंडूच्या अंगाला जाऊन टेकला.

गेणभाऊंनी काठीने माझ्या पोटरीवर हलकेच टिचकी मारली.

"पाय काढ, भरता," ते म्हणाले. "आज वारं न्हाई."